चॅनेलला केलेला आहेर

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मी चढलो तेव्हाही पहिल्या दिवशी चुकून मुलींच्या जिन्याने चढलो. त्यामुळे लिहितानाही माझा जिना चुकण्याची बरीच शक्यता आहे. दुसरी माफी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांची. ते माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. बहिणीच्या सासऱ्यांविषयी चार शब्द लिहिण्याआधी कुठल्याही भावाने चाळीस वेळा विचार करावा, कारण बहीण अजून त्याच घरात नांदते आहे. माझं तर त्याहून अवघड आहे, मी त्याच घरात जेवतो आहे. आमचं गाव माळशिरस तालुक्यात, कॉलेज सोलापुरात, आणि वसतिगृहाच्या यादीत माझं नाव आलं नाही, म्हणून गेली काही वर्षं मी सोलापूरजवळ कुंभारीच्या कामगार वसाहतीत ताईच्या घरी राहतो. तिच्या सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते मला पाहुणं म्हणतात. पाहुणा इतकी वर्षं राहिला तरी त्यांनी हा शब्द बदललेला नाही, आणि त्यात टोमणा आहे की आदर, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

तरी एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. मामांनी एका टीव्ही चॅनेलवर जितकं प्रेम केलं, तितकं त्या चॅनेलच्या मालकानेही केलं नसेल. मालकाला ते विकता तरी येतं. मामांचा तर त्या चॅनेलशी कसलाच संबंध नव्हता. ते मुंबईत, हे कुंभारीत. त्यांनी मामांना पाहिलेलं नाही, मामांनी त्यांचं ऑफिस पाहिलेलं नाही. पण घरात केबल आली त्या आठवड्यात मामांनी पडद्याच्या कोपऱ्यात त्या चॅनेलचा छोटासा केशरी पतंग पाहिला आणि त्यांच्या भाषेत सांगायचं तर "सोयरीकच जुळली". त्या पतंगाला खाली तीन पट्ट्यांची शेपटी होती आणि ती उजवीकडे वळलेली होती. हे मी पाहिलेलं नाही, तेव्हा मी पाळण्यात होतो. पण मामांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता झोपेतही मी ती शेपटी उजवीकडेच वळवीन.

लोक टीव्हीवर कार्यक्रम बघतात. मामा कोपरा बघायचे. मालिकेत सासू सुनेला घराबाहेर काढत असो किंवा हरवलेला जुळा भाऊ दारात उभा राहिलेला असो, मामांची नजर त्या चिन्हावरून हलायची नाही. मधेच ते उठून पडद्याला नाक लावून बसायचे आणि त्या चिन्हाच्या कडा निरखायचे. मग मागून मामींचा आवाज यायचा, "आवं, डोस्कं बाजूला घ्या की! तितं पोरगी मरायला लागलीया." मामा न हलता म्हणायचे, "ती उद्याबी मरंल. कडंचा रंग बदललाय, ते बघू दे." यात वेडेपणा असला तरी त्याला कारण होतं. मामांनी सगळी हयात टॉवेलच्या कारखान्यात काढली. टॉवेलवर नाव, मोर किंवा गुलाब उठवायचा असला की आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढतात, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्या मागावर चढवतात. ती चित्रं काढण्याचं आणि भोकं पाडण्याचं काम मामांचं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आधी चौकटीत दिसायची. मी पहिल्यांदा नवा चष्मा लावून घरी आलो तेव्हा ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, म्हणतील, पाहुणं शिकलेले दिसतात. ते म्हणाले, "तुमचं नाक चौकटीत बसवायला लई तरास हुईल."

ताईच्या लग्नाच्या बोलणीतही या चॅनेलने नाक खुपसलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो, वडिलांबरोबर गेलो होतो. देण्याघेण्याचं बोलून झालं, चहा झाला, आणि मामांनी वडिलांना अचानक विचारलं, "तुमच्याकडं टीव्हीला कुटलं चॅनेल लावत्यात?" आमच्याकडे टीव्ही होता, पण त्यावर बहुतेक वेळ दुरडी ठेवलेली असायची. वडील घाबरले. त्यांना वाटलं, या प्रश्नात काहीतरी मेख आहे. ते म्हणाले, "सगळीच चांगली असत्यात." मामांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मी, कारण माझं लक्ष भिंतीवर टांगलेल्या, पतंग विणलेल्या एका टॉवेलाकडे होतं, बोलून गेलो, "पतंगवालं." मामा उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या हातात आणखी एक बिस्किट ठेवलं. त्या एका शब्दाच्या जोरावर ताईचं लग्न ठरलं असं मी म्हणणार नाही, पण पुढे माझी राहण्याजेवणाची सोय झाली ती नक्की त्याच शब्दावर. मामांनी मला या विषयातला जाणकार समजून घरात घेतलं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण मामींच्या हातची शेंगदाण्याची आमटी फार चांगली असते.

चॅनेलने इतक्या वर्षांत आपलं चिन्ह बऱ्याचदा बदललं. आधी पतंगाची शेपटी गेली. मग केशरी जाऊन निळा आला आणि त्याला काचेसारखी चमक आली. मग पतंगही गेला आणि एक तिरकी पांढरी रेघ तेवढी उरली. प्रत्येक बदलाचं कारण मामांना घरबसल्या कळायचं. शेपटी का गेली? "थोरला मालक थकला असंल. कारभार पोरांकडं गेला. पोरं पयल्यांदा शेपूट कापत्यात." चमक का आली? "काचंच्या बिल्डिंगीत ऱ्हायला गेले असतील." आणि नुसती रेघ उरली तेव्हा सगळ्या वसाहतीने त्यांची चेष्टा केली, की मामा, तुमच्या चॅनेलचा पतंग कटला. मामा शांतपणे म्हणाले, "कटला न्हाय. लई वर गेलाय. म्हणून दिसंना. नुसता मांजा दिसतूय." 

मी हे सगळं कॉलेजात वापरायचा प्रयत्न केला, ही माझ्या फजितीची गोष्ट. सरांनी चर्चासत्रासाठी विषय निवडायला सांगितले, आणि मी मोठ्या ऐटीत 'एका खासगी वाहिनीच्या बोधचिन्हांचा प्रवास' असा विषय दिला. वाटलं, सगळी माहिती घरात फुकट आहे, वाचायला काही नको. प्रत्यक्षात व्यासपीठावर गेल्यावर मी पाठ केलेली सुरुवात विसरलो, आणि तोंडातून थेट निघालं, "पोरं पयल्यांदा शेपूट कापत्यात." वर्ग हसून लोटपोट झाला. सरांनी चष्मा काढून विचारलं, "याला संदर्भ काय?" मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "माझ्या ताईचे सासरे." पुढचे कित्येक महिने माझे मित्र परीक्षेत कुठल्याही उत्तराखाली हाच संदर्भ देण्याच्या धमक्या देत होते. घरी येऊन मी मामांना सांगितलं की तुमचं नाव कॉलेजात निघालं. ते एवढे खूश झाले की पुढचं सांगवेना.

पण मामांच्या वेडाचा खरा भाग टॉवेलांचा. आपल्याकडे बारसं असो, लग्न असो, घरभरणी असो, टॉवेल-टोपीचा आहेर करायची पद्धत आहे. मामांचं म्हणणं असं, की चॅनेलने नवं चिन्ह घेतलं म्हणजे त्याचं बारसंच झालं. मग आपला माणूस म्हणून आपला आहेर जायला नको? म्हणून सोयरीक जुळली तेव्हा एकदा आणि पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी ते पडद्याला नाक लावून ते चिन्ह चौकटीच्या कागदावर उतरवायचे, कारखान्याच्या मालकांच्या हातापाया पडून उरल्यासुरल्या सुतात एक टॉवेल विणून घ्यायचे, आणि मुंबईला पोस्टाने पाठवायचे. मामी म्हणायच्या, "घरात अंग पुसायला धड फडकं न्हाय, अन् ह्यांचा आहेर निघाला ममईला!" उत्तर कधीच आलं नाही. मामांची अपेक्षा फार नव्हती. आहेर घेणाऱ्याने परतीचा आहेर करावा, तेही जमत नसेल तर निदान 'पावला' एवढं म्हणावं, ही आपल्याकडची रीत. त्यांना तेवढा एक शब्द हवा होता.

तो शब्द का येत नाही, याचं कारणही त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं आणि ते मनाला लावून घेतलं होतं. अशा टॉवेलाला दोन अंगं असतात. एका अंगाला चित्र सुलटं, दुसऱ्या अंगाला तेच चित्र रंग बदलून उलटं. पहिल्या टॉवेलाच्या वेळी आनंदाच्या भरात मामांनी कागद उलट्या अंगाने लावला, आणि ज्या अंगाला केशरी पतंग आला त्या अंगाला शेपटी डावीकडे वळली. ध्यानात आलं तोवर पार्सल गेलं होतं. "पयलाच आहेर उलटा गेला, पाहुणं," ते मला सांगायचे. "मोठ्या लोकांच्या मनातून ते जात न्हाय." मी समजूत घालायचो की मामा, आतली माणसं टीव्हीच्या आत असतात, त्यांना सगळं उलटंच दिसत असेल. एवढं बोलून मलाच माझ्या शिक्षणाची लाज वाटायची. मामांना मात्र त्यात थोडा आधार वाटायचा. "व्हय," ते म्हणायचे, "आतून तसंच दिसत असंल."

गेल्या वर्षी चॅनेलने पुन्हा चिन्ह बदललं. रेघ जाऊन दोन गोल आले, एकात एक अडकलेले. मामा तोवर निवृत्त झाले होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. कागदावर चौकटी दिसेनात. तरीही भिंगाने बघून, ताईच्या मुलीला मांडीवर घेऊन, तिला "हितं काळं की पांढरं?" असं विचारत त्यांनी ते गोल उतरवले. कारखान्यात आता चित्र कॉम्प्युटरवर होतं, पण जुन्या ओळखीने त्यांनी तोही टॉवेल विणून घेतला. घडी घालून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "पाहुणं, हा शेवटचा. आता डोळं साथ देत न्हाईत. एवढा तरी पावला म्हणाले पायजेत." सोबत मी चिठ्ठी लिहावी असं ठरलं. मी रात्रीचं जेवण टाळून चिठ्ठी लिहिली. 'आपल्या वाहिनीच्या बोधचिन्हाच्या उत्क्रांतीचे एक विनम्र साक्षीदार या नात्याने' अशी तिची सुरुवात होती. वाचून दाखवली. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात टॉवेल कुटं हाय?" खरंच नव्हता. मग त्यांनी सांगितली ती चिठ्ठी मी लिहिली: 'टॉवेल पाठवला आहे. वापरावा. पावला म्हणून कळवावे.' खाली मामांचं नाव, गाव आणि माझा मोबाईल नंबर घातला.

त्याआधी मी चॅनेलला एक ईमेल पाठवून पाहिला होता. क्षणात उत्तर आलं. मी ओरडतच मामांकडे गेलो, आणि त्यांना वाचून दाखवता दाखवता माझ्या लक्षात आलं की ते उत्तर माणसाने लिहिलेलं नव्हतं. तसं सांगितलं. मामा म्हणाले, "यंत्रानं म्हणलं व्हय? म्हणू दे. आपुनबी यंत्रावरच पोट भरलं की." पण थोड्या वेळाने म्हणाले, "पन यंत्राला टॉवेल काय कामाचा?"

योगायोगाने आमच्या विभागाची सहल मुंबईला निघाली. मामांनी पोस्टावरचा विश्वास तिथल्या तिथे काढून घेतला आणि पार्सल माझ्या हातात दिलं. शेवटच्या दिवशी दुपारी सगळे मित्र समुद्रावर गेले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत पार्सल घेऊन, पत्ता विचारत विचारत त्या ऑफिससमोर उभा राहिलो. इमारत खरोखरच काचेची होती. माझा ऊर भरून आला. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "काय आहे?"

"टॉवेल."

"कुणी मागवलाय?"

"कुणी नाही. आहेर आहे."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कुणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही. चॅनेलचं नवं चिन्ह आलंय ना, त्याचं बारसं." कुंभारीत जे बोलणं अगदी सरळ वाटायचं ते मुंबईच्या फुटपाथवर कसं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. वॉचमन भला माणूस होता. त्याने मला हाकललं नाही, आत स्वागतकक्षापर्यंत जाऊ दिलं. तिथल्या मुलीने फोनवरून डोकं न उचलता सांगितलं, "पार्सल गेटवरच ठेवा." मग माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती म्हणाली, "आणि आता पाठवून उपयोग नाही हो. चॅनेल दुसऱ्या मोठ्या ग्रुपने घेतलंय. काही दिवसांनी बंदच होणार. हे नाव, हा लोगो, काहीच राहणार नाही."

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कॉलेजने शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "अभिनंदन." आणि बाहेर आलो. पार्सल वॉचमनच्या हातात दिलं. "वर पाठवाल ना?" त्याने मान हलवली.

घरी आल्या आल्या मामांनी दारातच गाठलं. "दिला?" "दिला." "कुणाच्या हातात?" "वॉचमनच्या. वर पाठवतो म्हणाले." मामा हसले. "वर पाठवतो म्हणला म्हंजे पोचनार." बाकीची बातमी मी दाराबाहेरच ठेवली. मी ती आधी ताईला सांगितली. ताई म्हणाली, "तू गप बस. डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्या. आत्ता न्हाई सांगायचं." मामींना सांगितलं, तर त्यांनी आणखी पुढे जाऊन त्या दिवसापासून पेपर आला की आधी स्वतः चाळायला सुरुवात केली. मामींना वाचता येत नाही. त्या पानापानावर ते दोन गोल शोधायच्या आणि संशय आला की ते पान आपल्या विड्या वळायच्या सुपाखाली घालायच्या. त्या काळात आमच्या घरी टायरच्या आणि बांगड्यांच्या जाहिराती कुणाला दिसल्या नाहीत. मी मात्र रोज ठरवायचो की आज सांगायचं. आरशासमोर उभा राहून सराव करायचो. "मामा, विलीनीकरण ही एक आर्थिक प्रक्रिया आहे." असं बोलून झालं की मला मामांचा तो प्रश्न ऐकू यायचा, ह्यात टॉवेल कुटं हाय, आणि मी गप्प भांग पाडून कॉलेजला जायचो. मामा इकडे रोज संध्याकाळी माझ्या फोनकडे बोट दाखवून विचारायचे, "आला?" मी नाही म्हणायचो. "कामात असतील," ते म्हणायचे.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. मामा हिरवी पट्टी लावून पलंगावर बसले होते. रविवारची दुपार होती, ताई आणि मामी बाहेर सावलीत विड्या वळत होत्या. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून आवाज आला, "सोलापूरचे टॉवेलवाले काका का?" मी काही ठरवायच्या आत मामांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांना जरा मोठ्याने ऐकावं लागतं, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"काका, मी गेटवरचा वॉचमन. तुमचं पार्सल मी वर पाठवलं होतं. पण ते परत खाली आलं. वरचे म्हणाले, चॅनेल महिनाअखेरीस बंद होतंय, आता हे घेऊन काय करायचं. मग मीच ठेवून घेतला. चिठ्ठीत लिहिलं होतं, कळवावे. म्हणून फोन केला. राग नाही ना आला?"

मला मामांकडे बघवत नव्हतं, म्हणून कॅलेंडरकडे बघत राहिलो.

"काका? आहात का?"

"हाय की," मामा म्हणाले. "वापरता का तुमी?"

"रोज. ड्यूटी सुटली की इथंच आंघोळ करतो ना."

"पाणी टिपतो का?"

"लई झकास टिपतो. नवीन टॉवेल आधी पाणी ढकलतो, तसा नाही हा."

"दोन-तीनदा धुतला की आनखी मऊ पडंल," मामा म्हणाले. "गरम पाण्यात घालू नका." 

मग दोघांनी एकमेकांच्या गावाची चौकशी केली, पाऊसपाण्याचं विचारलं, आणि फोन ठेवला. मामा पलंगावरून पाय खाली सोडून भिंत चाचपायला लागले. मी पुढे झालो, तर त्यांनी हाताने थांबवलं. भिंतीला धरून ते उठले, उंबऱ्याशी गेले आणि बाहेरच्या दोघींना ऐकू जाईल असं म्हणाले, "ममईवरनं फोन आलता. आहेर पावला. वापरत्यात म्हणं. पाणी चांगलं टिपतूय."

मामींचा विडीवरचा हात थांबला. ताईने माझ्याकडे पाहिलं.

"आन्," मामा म्हणाले, आणि पट्टीच्या कडेने आलेलं पाणी त्यांनी मनगटाने टिपलं, "ते चॅनेल म्हैन्याअखेरीला बंद होनार हाय म्हणं."